१९५१ चे सॅन फ्रान्सिस्को डॉन्स: नऊपैकी नऊ जिंकूनही घरी का बसले?

प्रश्न थोडक्यात असा आहे. युनिव्हर्सिटी ऑफ सॅन फ्रान्सिस्कोची, म्हणजे यूएसएफची, कॉलेज फुटबॉल टीम १९५१ साली एकही मॅच हरली नाही, तरी तिला एकाही बाऊल गेमचं बोलावणं आलं नाही. हे खरंच टीममधल्या दोन कृष्णवर्णीय खेळाडूंमुळे झालं की त्यांचं शेड्यूलच हलकं होतं? आणि त्या दोघांना घरी ठेवून बाकीची टीम गेली असती तर कॉलेजचं फुटबॉल वाचलं असतं का?

मी बे एरियात बरीच वर्षं हायस्कूल फुटबॉलला पंच म्हणून उभा राहतो, बहुतेक वेळा हेड लाइन्समनच्या, म्हणजे दोन टीममधल्या रेषेच्या टोकाला बाजूला उभ्या राहणाऱ्या पंचाच्या जागेवर. या टीममधला बर्ल टोलर नंतर एनएफएलमध्ये, म्हणजे इथल्या व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये, त्याच जागेवर पंचवीस सीझन उभा होता, आणि इथल्या जुन्या पंचांमध्ये त्याचं नाव आजही मानाने घेतलं जातं, त्यामुळे हा विषय माझ्या फार जवळचा आहे. मूळचा मी कोल्हापूरचा, म्हणजे फुटबॉल म्हणजे पायाने खेळायचा, पेठेपेठेच्या टीम आणि शाहू स्टेडियम. इथला हा हाताने धरून पळायचा फुटबॉल समजायला मला वेळ लागला, तुमच्यापैकी बऱ्याच जणांचं तसंच असेल म्हणून आधी दोन गोष्टी सांगून टाकतो.

या खेळात चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं असतं, गेलात तर परत चार प्रयत्न मिळतात. प्रत्येक प्रयत्नाआधी दोन्ही टीम एका रेषेवर समोरासमोर वाकून उभ्या राहतात आणि बॉल मागे दिला की त्या रेषेवर पहिली धडक होते. टीव्हीवर आपण बॉल बघतो, पण मॅच बहुतेक वेळा त्या रेषेवर ठरते, बॉल हातात असलेला माणूस कितीही वेगवान असू दे, समोर वाट उघडली नाही तर तो काय करणार. आणि बाऊल म्हणजे सीझन संपल्यावर १ जानेवारीच्या आसपास होणाऱ्या खास मॅच. त्या काळी प्लेऑफ वगैरे काही नव्हतं, बाऊलची कमिटी ठरवायची कोणाला बोलवायचं ते. मोठे बाऊल मोजकेच, त्यातला पॅसाडिनाचा रोझ बाऊल १९४७ पासून दोन कॉन्फरन्सनी, म्हणजे कॉलेजांच्या गटांनी, आपसात बांधून घेतलेला, म्हणजे यूएसएफसारख्या कोणत्याच कॉन्फरन्समध्ये नसलेल्या कॉलेजला तो दरवाजा आधीच बंद. उरले ऑरेंज, शुगर, कॉटन, गेटर, सन. हे सगळे दक्षिणेत, फ्लोरिडा, लुइझियाना आणि टेक्ससमध्ये. हे लक्षात ठेवा.

आता टीम. यूएसएफ हे जेझुइट पाद्र्यांचं छोटं कॉलेज, टेकडीवर, गोल्डन गेट पार्कपासून चालत जाण्याइतकं जवळ. मॅच व्हायच्या पार्कच्या कोपऱ्यातल्या केझार स्टेडियमवर. कोच जो कुहॅरिक, १९४८ साली आला तेव्हा पहिल्या सीझनला दोन जिंकले आणि सात हरले, पुढच्या वर्षी ७-३, मग ७-४, आणि १९५१ ला ९-०. मधल्या त्या १९५० च्या सीझनमध्ये स्टॅनफर्डने यांना धुतलं होतं, पण त्याच वर्षी रोझ बाऊलला गेलेल्या बर्कलेच्या टीमशी हे फक्त १३-७ ने हरले. मला वाटतं ही टीम घडली ती तिथे, कारण मोठ्या कॉलेजसमोर रेषेवर आपण टिकतो हे पोरांना तेव्हा कळलं. कुहॅरिक माणूस कडक. ऑगस्टमध्ये टीमला कॉर्निंग नावाच्या गावी नेऊन ठेवायचा, उत्तर कॅलिफोर्नियाच्या आतल्या भागातलं हे गाव उन्हाळ्यात नुसतं भाजतं, आणि तिथे सराव. सॅन फ्रान्सिस्कोच्या धुक्यात वाढलेल्या पोरांचे काय हाल झाले असतील विचार करा. टीम लहान होती, एकाच माणसाला दोन-दोन कामं करायची होती, त्यामुळे दम असलेलेच टिकले.

आणि पोरं कशी होती ते बघा. जिनो मार्केटी, डिफेन्सच्या रेषेवर खेळणारा, हा अठराव्या वर्षी सैन्यात जाऊन दुसऱ्या महायुद्धात बॅटल ऑफ द बल्जमध्ये मशीनगन चालवून आलेला, मग कॉलेज. बॉब सेंट क्लेअर, उंची सहा फूट नऊ इंच, कच्चं मांस खायचा म्हणून प्रसिद्ध. त्याची हायस्कूल केझारला लागून, कॉलेजच्या मॅच केझारला, पुढे फॉर्टीनाइनर्सकडून, म्हणजे शहराच्या एनएफएल टीमकडून, व्यावसायिक फुटबॉलही केझारलाच. क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल हातात घेऊन चाल ठरवणारा, एड ब्राउन, पुढे शिकागो बेअर्सला गेला. प्रसिद्धीचं काम बघायला पीट रोझेल नावाचा एक पंचविशीचा पोरगा, जो १९६० मध्ये अख्ख्या एनएफएलचा कमिशनर झाला आणि १९८९ पर्यंत राहिला.

आणि ते दोघे. ऑली मॅट्सन जन्माने टेक्ससचा, शाळेत असतानाच सॅन फ्रान्सिस्कोला आलेला. बर्ल टोलर टेनेसीतल्या मेम्फिसचा, हायस्कूलमध्ये फुटबॉल न खेळलेला, इथे सिटी कॉलेजमध्ये आल्यावर पहिल्यांदा टीमसाठी उतरला. दोघे सिटी कॉलेजच्या १९४८ च्या न हरलेल्या टीममध्ये एकत्र होते आणि तिथून दोघेही यूएसएफला आले. मॅट्सनने १९५१ मध्ये नऊ मॅचमध्ये पळून १,५६६ यार्ड काढले, म्हणजे मॅचला १७४, आणि २१ टचडाउन, म्हणजे बॉल समोरच्याच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेणं. दोन्हींत देशात पहिला. शिवाय डिफेन्सलाही मागे उभा राहायचा. त्या वर्षी नियमाप्रमाणे ऑफेन्सची आणि डिफेन्सची वेगळी टीम उतरवायला परवानगी होती, मोठी कॉलेजं तसं करायचीही, पण यूएसएफकडे तेवढी माणसंच नव्हती. टोलर लाइनबॅकर, म्हणजे डिफेन्सच्या रेषेच्या मागे उभा राहून समोरचा बॉल घेऊन कुठून येणार हे आधी ओळखायचं आणि तिथे पोचायचं. मार्केटीने पुढे एनएफएलमधले सगळे दिग्गज जवळून बघितले, तरी टोलर आमच्या टीममधला सगळ्यात चांगला खेळाडू होता असं त्याच्यासकट कित्येक जण शेवटपर्यंत सांगायचे. मॅट्सनचं नाव आकड्यांमुळे राहिलं, टोलरचं फारसं राहिलं नाही, कारण त्याचं काम आकड्यात येत नाही. पण त्या टीमने समोरच्याला पळून मिळू दिलेले यार्ड त्या सीझनला देशात सगळ्यात कमी होते, मॅचला सरासरी पन्नासच्या आसपास, हे काय आपोआप होतं का?

सीझनची सुरुवात सॅन होजे स्टेटला ३९-२ ने हरवून झाली, पुढे त्यांनाच परत ४२-७. मधल्या सगळ्या मॅच मी इथे सांगत बसत नाही, खरी मॅच ऑक्टोबरात न्यूयॉर्कला फोर्डमविरुद्ध झाली. पूर्वेकडचे पेपरवाले पश्चिमेच्या छोट्या कॉलेजकडे ढुंकून बघायचे नाहीत, त्यांच्यासमोर खेळायची ही एकच संधी. ३२-२६ ने जिंकले. मॅट्सनने दोन किकऑफ, म्हणजे समोरच्यांनी लाथ मारून दिलेले बॉल, थेट परत नेऊन टचडाउन केले, दोन्ही नव्वद किंवा जास्त यार्डांचे. किकऑफवर समोरचे अकरा जण पूर्ण वेगाने तुमच्याकडे धावत येत असतात, एका मॅचमध्ये असं दोनदा करणं मी तरी माझ्या डोळ्यांनी कधी पाहिलेलं नाही. तरी त्या वर्षीच्या हाइझमन ट्रॉफीच्या, म्हणजे देशातल्या सगळ्यात चांगल्या कॉलेज खेळाडूच्या बक्षिसाच्या मतदानात मॅट्सन नववा आला. देशात सगळ्यात जास्त यार्ड, सगळ्यात जास्त टचडाउन, टीम न हरलेली, आणि नववा!

त्याच ऑक्टोबरात ओक्लाहोमात काय झालं तेही सांगायला हवं, म्हणजे तो काळ कळेल. ड्रेक युनिव्हर्सिटीचा जॉनी ब्राइट, तोही कृष्णवर्णीय, तोही देशातल्या सगळ्यात वरच्या खेळाडूंपैकी. बॉल त्याच्याकडे नसताना, तो लांब नुसता उभा असताना समोरच्या टीमच्या एका खेळाडूने त्याच्या तोंडावर हाताचा तडाखा मारून जबडा मोडला. दोन फोटोग्राफरनी ते टिपलं, त्या फोटोंना पुलित्झर मिळालं. पंच म्हणून ते फोटो बघताना मला आजही राग येतो, कारण अशा वेळी मैदानावर ज्याने शिट्टी वाजवायची असते तोच एक आधार असतो, आणि त्या दिवशी तो आधार नव्हता.

आता नोव्हेंबर. स्टॉकटनला कॉलेज ऑफ पॅसिफिकविरुद्ध मॅच. पॅसिफिकची टीम दमदार, स्टेडियम नवं कोरं, बाऊलवाले बघायला आलेले, दोघांपैकी जो जिंकेल त्याला बोलावणं येणार असं सगळीकडे बोललं जात होतं. यूएसएफने ४७-१४ ने मारलं. शेवटची मॅच लॉयोलाविरुद्ध २०-२. सीझन संपला, नऊपैकी नऊ.

मग निरोप आला तो असा, की ऑरेंज बाऊलला या, पण ते दोघे नकोत. टीममधल्यांनी नंतर पुन्हा पुन्हा सांगितलेली हकीकत एवढीच आहे की कोचने विचारलं आणि पोरांनी नाही म्हटलं. मतदान नाही, मोठी मीटिंग नाही. नंतरच्या काळात ही गोष्ट लोक फार नाट्यमय करून सांगतात, भाषणं वगैरे घालून, पण ज्यांनी ती जगली ते तसं सांगत नाहीत, आणि मला तेच जास्त खरं वाटतं. कॉर्निंगच्या उन्हात जे एकमेकांसोबत जळले त्यांना यात विचार करण्यासारखं काही दिसलंच नाही. त्याच सुमारास सॅन फ्रान्सिस्कोच्या रेडिओवरही उघड बोललं गेलं की ऑरेंज, शुगर आणि गेटर या तिघांना कृष्णवर्णीय खेळाडू असलेली टीम नको आहे.

आता शेड्यूल हलकं होतं का, हा मुद्दा मी उडवून लावणार नाही. हलकंच होतं. नौदलाच्या आणि मरीन्सच्या तळांवरच्या टीम, आयडाहो, सॅन होजे दोनदा, बर्कले नाही, स्टॅनफर्ड नाही. एपी या वृत्तसंस्थेच्या शेवटच्या क्रमवारीत यूएसएफ चौदावी होती, आणि ते शेड्यूल बघता चौदावी फार अन्यायाची वाटत नाही. पण यात दुसरी बाजू अशी की मोठ्या कॉलेजला अशा टीमशी खेळून मिळणार काय? जिंकलं तर छोट्या कॉलेजला हरवलं, हरलं तर नाचक्की. म्हणजे शेड्यूल हलकं असणं हे सगळं यूएसएफच्या हातात नव्हतं.

आणि शेड्यूल हेच खरं कारण असतं तर मग पॅसिफिकचं काय? ज्या पॅसिफिकला यांनी ४७-१४ ने हरवलं, त्याच पॅसिफिकला सन बाऊलचं बोलावणं आलं! १ जानेवारी १९५२ ला ते टेक्सस टेकशी खेळून २५-१४ ने हरलेही. इथे एक बारकावा आहे जो बरेच जण सोडून देतात. पॅसिफिकच्या त्या टीममध्ये एडी मेकन हा कृष्णवर्णीय खेळाडू होता आणि तो सन बाऊलमध्ये खेळला. सन बाऊल एल पासोला, टेक्ससमध्ये. त्याआधी १९४८ ला डॅलसच्या कॉटन बाऊलमध्ये पेन स्टेटचे दोन कृष्णवर्णीय खेळाडू उतरले होते. म्हणजे दक्षिणेत हे अशक्य होतं, तेव्हाचा कायदाच तसा, लोकांनी ऐकलंच नसतं, वगैरे जे सांगतात ते पूर्ण खरं नाही. ज्यांना करायचं होतं त्यांनी टेक्ससमध्येसुद्धा केलं. मायामीवाल्यांना, म्हणजे ऑरेंज बाऊलवाल्यांना, करायचं नव्हतं. शुगर बाऊलमध्ये तर पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, पिट्सबर्गचा बॉबी ग्रिअर, १९५६ ला खेळला आणि त्याही वेळी जॉर्जियाच्या गव्हर्नरने त्याविरुद्ध थयथयाट केला होता.

तर पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर असं की हलक्या शेड्यूलमुळे यूएसएफ चौदावी राहिली, पण घरी राहिली ती वर्णद्वेषामुळे. हे दोन वेगळे हिशोब आहेत, ते एकात मिसळू नका.

आता कॉलेजचं फुटबॉल वाचलं असतं का. सीझन संपला आणि थोड्याच दिवसांत यूएसएफने फुटबॉल बंद केलं. लोक म्हणतात बाऊलचे पैसे आले असते तर टिकलं असतं. मला नाही वाटत. आजूबाजूला बघा, शेजारच्या सेंट मेरीजने १९५० च्या सीझननंतर बंद केलं, लॉयोलाने १९५१ नंतर, सँटा क्लाराने १९५२ नंतर, न्यूयॉर्कच्या फोर्डमने १९५४ नंतर. सगळी कॅथलिक कॉलेजं, सगळ्यांचं दुखणं एकच. स्कॉलरशिप, प्रवास, सामान, कोचचे पगार, हे मोठ्या सरकारी युनिव्हर्सिटीला परवडतं, हजार-दीड हजार पोरांच्या कॉलेजला नाही. त्यात कोरियाचं युद्ध, पोरं सैन्यात चाललेली. आणि सॅन फ्रान्सिस्कोत तर १९५० पासून फॉर्टीनाइनर्स एनएफएलमध्ये, त्याच केझारवर. शनिवार-रविवारचं तिकीट माणूस एकदाच काढणार ना. एका बाऊलच्या पैशाने फार तर एक वर्ष निघालं असतं. त्यामुळे त्या पोरांनी नाही म्हणून कॉलेजचं फुटबॉल घालवलं, हा आरोप चुकीचा आहे आणि मला तो ऐकवत नाही.

पुढे काय झालं ते थोडक्यात. त्या टीममधले नऊ जण एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेजमधले खेळाडू घ्यायच्या फेऱ्यांत, निवडले गेले आणि मॅट्सन, मार्केटी, सेंट क्लेअर हे तिघे व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे दिग्गजांच्या मानाच्या यादीत गेले, कॉलेजच्या एका टीममधून तीन हे आकडे बघणाऱ्याला कळेल केवढं आहे ते. मॅट्सन १९५२ ला हेलसिंकी ऑलिम्पिकला धावला, ४०० मीटरला ब्राँझ आणि रिलेला सिल्व्हर. आपल्या खाशाबा जाधवांनी कुस्तीचं ब्राँझ आणलं ते हेच ऑलिम्पिक, आम्हा कोल्हापूरकरांना ते साल वेगळं लक्षात ठेवावं लागत नाही. १९५९ मध्ये लॉस एंजेलिस रॅम्सने एकट्या मॅट्सनच्या बदल्यात नऊ जणांचा सौदा केला.

टोलरचं मात्र वेगळं झालं. १९५२ च्या उन्हाळ्यात कॉलेज ऑल-स्टार मॅचमध्ये गुडघा गेला आणि व्यावसायिक फुटबॉल सुरू होण्याआधीच संपलं. तो शिक्षक झाला, १९६८ ला सॅन फ्रान्सिस्कोत शाळेचा प्रिन्सिपल झाला, शहरातल्या माध्यमिक शाळेचा पहिला कृष्णवर्णीय प्रिन्सिपल. आणि १९६५ मध्ये रोझेल कमिशनर असताना एनएफएलने त्याला पंच म्हणून घेतलं, अमेरिकेतल्या कुठल्याही मोठ्या व्यावसायिक लीगमधला पहिला कृष्णवर्णीय पंच. हेड लाइन्समनचं काम सोपं दिसतं पण नाही. तुम्ही त्या धडकेच्या रेषेवर बाजूला उभे, कबड्डीच्या मधल्या रेषेवर नजर ठेवून उभं राहावं तसं, कोण आधी हलला, कुणाचा हात पुढे आला हे क्षणात ठरवायचं, दहा यार्ड मोजायची साखळी धरणाऱ्या माणसांना सांभाळायचं, आणि शेजारच्या बाकावरचा कोच कानाशी ओरडत असतो ते ऐकूनही चेहरा हलवायचा नाही. १९६५ साली हे काम एका कृष्णवर्णीय माणसाने हजारो लोकांसमोर करायचं म्हणजे काय असेल ते मी फक्त अंदाजाने सांगू शकतो. जानेवारी १९८० ला तो सुपर बाऊलला उभा राहिला, पॅसाडिनाच्या त्याच रोझ बाऊल स्टेडियममध्ये. २०१७ मध्ये यूएसएफने आपल्या एका हॉस्टेलला त्याचं नाव दिलं, आधी ते नाव होतं जेम्स फेलन यांचं, जे कॅलिफोर्निया गोऱ्यांचंच ठेवा अशी घोषणा देऊन निवडणूक लढले होते. ती घोषणा आपल्यासारख्या आशियाई लोकांविरुद्धच होती, त्यामुळे ही पाटी बदलली याचं मला वेगळं समाधान आहे. त्याआधी २००६ मध्ये कॉलेजने त्या टीमला मानद डॉक्टरेटही दिली.

राहता राहिलं, गेले असते तर जिंकले असते का. त्या वर्षी ऑरेंज बाऊलमध्ये जॉर्जिया टेकने बेलरला १७-१४ ने हरवलं. बेलरच्या जागी पूर्ण यूएसएफ असती तर माझ्या मते पहिले तीन क्वार्टर मॅच बरोबरीत गेली असती, कारण मार्केटी आणि टोलरसमोर टेकला पळून यार्ड मिळाले नसते आणि मॅट्सनला एखादा किकऑफ पुरला असता. चौथ्या क्वार्टरला टेककडे ताजी माणसं जास्त, तिथे यांची खरी परीक्षा झाली असती, म्हणून मी कुणाच्याच बाजूने छातीठोक सांगणार नाही. पण त्या दोघांना सोडून गेले असते तर हरलेच असते, दोन-तीन टचडाउनने. देशातला सगळ्यात चांगला पळणारा नाही, डिफेन्सचा मधला माणूस नाही, आणि किकऑफ परत न्यायलाही तो नाही. ऑरेंज बाऊलवाल्यांना जी टीम हवी होती ती अस्तित्वातच नव्हती.